बेसमेंटच्या भिंतीमागच्या मातीत जेल भरून गळती थांबते का? थांबते, पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सोसायटी, दोन लेव्हलचं बेसमेंट पार्किंग, ताबा मिळून चार वर्षं झालीत, आणि पावसाळा लागला की खालच्या बेसमेंटच्या एकाच बाजूच्या भिंतीतून पाणी येतं, कोपऱ्यात राफ्ट (पायाचा तळाचा स्लॅब) आणि भिंत जिथे भेटतात तिथे तर धारच लागते. तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एक म्हणतो आतून क्रिस्टलाइन कोटिंग (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवून ती बुजवणारा लेप) मारू, दुसरा म्हणतो क्रॅकमध्ये पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं इंजेक्शन देऊ, तिसरा म्हणतो भिंतीला आरपार होल मारून मागच्या मातीतच जेल (आत जाऊन जेलीसारखं घट्ट होणारं पातळ रसायन) भरू म्हणजे पलीकडे पडदा तयार होईल. तिसऱ्याचा आकडा ऐकून कमिटी हबकली आणि मीटिंगमध्ये सभासद विचारायला लागले की मातीत औषध मारून वॉटरप्रूफिंग होतं, हे खरं का.

खरं आहे. मी हेच काम बावीस वर्षं करतोय, बेसमेंट, लिफ्ट पिट, जमिनीखालच्या टाक्या, पादचारी भुयारी मार्ग. पण ज्या साइटवर आम्हाला बोलावतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी होल न मारताच परत आलोय, कारण पाणी भलत्याच ठिकाणाहून येत होतं. म्हणून जेलचं नंतर बोलू, आधी पाण्याचं.

एक वही करा. वॉचमनकडे द्या, रोज सकाळी आणि संध्याकाळी भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली तिथे खडूने रेघ मारायची, तारीख टाकायची, आणि पाऊस किती वाजता पडला ते लिहायचं. पंधरा दिवसात चित्र दिसायला लागतं. पाऊस पडून दोन-चार तासात गळती वाढत असेल आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवसात ओसरत असेल तर ते वरून मुरणारं पाणी आहे, पोडियमची (बेसमेंटवरच्या मोकळ्या स्लॅबची), गार्डनची नाहीतर ड्राइव्हवेच्या कडेची भेग. पावसाशी देणंघेणं नाही, वर्षभर तेवढीच झिरप, मे महिन्यातही ओल, तर पाण्याची लाइन किंवा ड्रेनेज. आणि जुलैच्या मध्यानंतर सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालत असेल तर भूजल. गळतीचं पाणी बाटलीत भरून टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) बघा, सोसायटीच्या नळाचं आणि बोअरचंही बघा, तिन्ही आकडे शेजारी मांडा. स्विमिंग पूलवाल्याकडे क्लोरीन तपासायचं किट असतं, त्यात क्लोरीन निघालं तर ते बहुधा पिण्याच्या लाइनचं पाणी, मात्र निघालं नाही म्हणून लाइन सुटली असं समजू नका, मातीतून येताना क्लोरीन मरतं. वरच्या चेंबरमध्ये हिरवा फ्लुरोसीन रंग टाकून खाली बघत बसणं हाही जुना आणि खात्रीचा उपाय. बाणेरला एका सोसायटीत भिंतीसाठी सगळी तयारी करून गेलो होतो आणि चेंबरमध्ये टाकलेला रंग चाळीस मिनिटात कोपऱ्यातून खाली उतरला. तुटलेला पाइप बदलला, काम संपलं.

आता तुमच्या भिंतीमागे काय आहे ते सांगतो, कारण पुण्यात हे जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. वर थोडी काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. बेसमेंटसाठी त्या खडकात खड्डा कोरतात, त्यात भिंत उभी करतात, आणि भिंत आणि खडक यांच्यात दोन-चार फुटांची फट राहते. ती भरायची असते थर थर करून, पाणी मारून, कुटून. प्रत्यक्षात स्लॅबची घाई असते आणि त्या फटीत साइटवरचा राडारोडा, विटांचे तुकडे, सेंटरिंगच्या फळ्या, सिमेंटच्या गोण्या असं सगळं ढकललेलं असतं. आजूबाजूला घट्ट खडक, मधे पोकळ भराव, म्हणजे इमारतीभोवती हौदच तयार झाला. पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि खडकातून बाहेर जायला वाट नसल्याने भिंतीला टेकून उभं राहतं. तीन मीटर पाणी उभं राहिलं की भिंतीच्या तळाला चौरस मीटरला तीन टन दाब. एवढ्या दाबाला केसाएवढी फट पुरते. बाहेरून मारलेलं वॉटरप्रूफिंग, मग मेम्ब्रेन (पाणी अडवणारी चादर) असो की शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप, भराव टाकताना दगड लागून कुठे ना कुठे फाटलेलं असतंच.

याच कारणामुळे तुमचे तीन कॉन्ट्रॅक्टर तीन वेगळ्या आजारांची औषधं सांगतायत. क्रिस्टलाइन कोटिंग ओलसर भिंतीला, बारीक केसासारख्या भेगांना चांगलं आहे, मी स्वतः वापरतो, पण धार लागलेल्या जॉइंटवर ते टिकत नाही, पाणी मागून ढकलतं. पीयू इंजेक्शन मोजक्या भेगा असतील, एखादा कोल्ड जॉइंट (दोन वेळच्या काँक्रीटमधला सांधा) असेल तर उत्तम आणि स्वस्त. फक्त फोम मारून पळणाऱ्यापासून सावध राहा, फोम धार थांबवतो पण आतून स्पंजसारखा असतो, धार थांबल्यावर त्याच जागी नंतर पीयू रेझिन जायला हवं, नाहीतर पुढच्या जुलैत तीच भेग परत. आणि मातीतलं इंजेक्शन कधी? जेव्हा गळती एका भेगेतून नसून भिंतीच्या मोठ्या भागातून असते, काँक्रीट हनीकोम्ब म्हणजे पोळ्यासारखं पोकळ राहिलंय, एक जॉइंट बंद केला की पाणी दोन मीटर पुढे निघतं, आणि बाहेरून खोदून मेम्ब्रेन दुरुस्त करणं शक्य नाही कारण बाहेर रस्ता, शेजारची इमारत किंवा अख्खं पोडियम गार्डन बसलंय. तेव्हा भिंतीला हात न लावता पाण्यालाच भिंतीपासून लांब ठेवायचं. जर्मनीत या कामाला जे नाव आहे त्याचा अर्थ बुरखा, आपल्याकडे कर्टन ग्राउटिंग म्हणतात, म्हणजे पातळ माल (ग्राउट) दाबून भरून केलेला पडदा.

कल्पना नवीन नाही. फ्रान्समध्ये दिएपच्या बंदरात १८०२ साली बेरिन्यी नावाच्या इंजिनियरने चिकणमाती आणि चुन्याचा घोळ दाबून पाण्याच्या दरवाज्याखालचा पाया दुरुस्त केला होता, आणि आपल्या धरणांच्या पायाखाली खडकात सिमेंट दाबून पाण्याला आडवा पडदा घालतात तेही याच घराण्यातलं. फरक मालाचा आहे. कुठला माल कुठल्या मातीत शिरतो हे कळलं की निम्मं काम कळलं. साध्या सिमेंटचे मोठे कण ८०-१०० मायक्रॉनपर्यंत असतात, ते खडी, जाड वाळू, राडारोड्याच्या पोकळीत जातात, बारीक मुरमात अडकून बसतात. मायक्रोफाइन सिमेंट थोडं पुढे जातं. सोडियम सिलिकेट बारीक वाळूत जातं पण त्याचं जेल कालांतराने आकसतं, पाणी सोडतं, म्हणून ते खोदकाम चालू असताना तात्पुरतं ठीक, राहत्या इमारतीच्या बेसमेंटला मी वापरत नाही. ॲक्रिलेट जेल मिक्स करताना जवळपास पाण्याइतकंच पातळ असतं, त्यामुळे जिथून पाणी येतं तिथे ते जातं. आणि काळ्या चिकणमातीत यातलं काहीच मुरत नाही, दाब दिला की माती फाटते आणि माल त्या फाटेतून कुठेही निघून जातो. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न हाच विचारा, भिंतीमागे काय आहे? तो होल मारून न बघता उत्तर देत असेल तर त्याचा रेट वाचायची गरज नाही.

काम होतं कसं ते सांगतो. भिंतीवर आधी स्कॅनरने सळया शोधायच्या, मग साधारण ३० ते ५० सेंटिमीटरवर, एक ओळ सोडून एक ओळ सरकवून, खुणा. १४ ते १८ एमएमचं होल, भिंतीच्या आरपार. ड्रिल चालवणारा पोरगा चांगला असेल तर तो आवाजावरूनच सांगतो. काँक्रीटमध्ये करडी कोरडी भुकटी येते, मग ती ओली होऊन चिखलासारखी लागते, आणि भिंत संपली की मशिन एकदम आत सटकतं आणि बिटला तांबूस मुरूम किंवा काळी माती लागून येते. कधी तिथे पोकळी लागते, बिट हातभर आत जातो. हे प्रत्येक होलचं लिहून ठेवायचं, होल नंबर, पाणी आलं की नाही, स्वच्छ की गढूळ, मागे काय लागलं. गढूळ पाणी सतत येत असेल तर मागची माती वाहून येतेय असं समजा, वरचा पेव्हर खचलाय का तेही जाऊन बघा. मग होलमध्ये पॅकर (माल आत सोडायची नळी) बसवायचा, रबराचा जाडसर भाग टाइट केला की तो फुगून पकडतो, तोंडाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह.

जेलचे दोन भाग, एकात ॲक्रिलेट आणि अमाइन, दुसऱ्यात पाण्यात विरघळवलेलं परसल्फेट. पंपातून दोन्ही सारख्या प्रमाणात येतात आणि पॅकरच्या तोंडाशीच मिक्स होतात. पंप स्टेनलेसचा हवा, परसल्फेट साधं लोखंड खातं. परसल्फेटचं प्रमाण कमीजास्त करून जेल वीस सेकंदात बसवायचं की तीन-चार मिनिटात हे ठरतं, आणि इथेच डेटाशीट फसवते, कारण त्यातले आकडे बहुतेक २० डिग्रीला दिलेले असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये ड्रम ३८ डिग्रीला तापलेला असतो, सेटिंग निम्म्याहून कमी वेळात होतं आणि पाइपातच जेल बसतं. म्हणून दर बॅचला साइटवरच्या पाण्याने, साइटवरच्या तापमानात थोडा माल एका कपमध्ये घेऊन स्टॉपवॉच लावायचं. कप तिरका करत राहायचं, दुधासारखं पातळ हलणारं द्रव एका क्षणी थबकतं आणि कप उलटा केला तरी पडत नाही. तो कप होल नंबर लिहून ठेवून द्यायचा. माझ्याकडे अशा कपांची खोकी भरलेली असतात आणि मालकाला मी ती दाखवतोच.

सुरुवात खालच्या ओळीपासून. एका पॅकरला माल द्यायचा, शेजारचे उघडे ठेवायचे. आधी शेजारून पाणी येतं, मग पाणी आणि जेल मिसळून, मग नुसतं जेल आलं की तो बंद करून तिथून पुढे. असं खालून वर चढत गेलं की जेल पाण्याला वर ढकलत नेतं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली कोंडतं आणि राफ्टच्या जॉइंटमधून उसळतं. दाब कमीच ठेवायचा, मागच्या पाण्याच्या दाबापेक्षा थोडा जास्त. क्रॅक इंजेक्शनचे पंप शंभर बारच्या वर जातात, तोच पंप कोणी मातीत लावला तर फरशी उचलली जाते, पेव्हर फुगतात, विटांची भिंत असेल तर आत ढकलली जाते. काम चालू असताना एक माणूस वर जमिनीवर आणि एक शेजारच्या चेंबरपाशी उभा पाहिजेच.

हे मी का सांगतोय ते ऐका. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, भर जुलैत एका इमारतीला जेल घेतलं होतं. मागे सगळा राडारोडा, पाणी जोरात वाहत होतं, आणि मी सेटिंग टाइम चार मिनिटं ठेवला होता कारण मला ते लांब पसरायला हवं होतं. सहा ड्रम गेले, भिंतीत फरक शून्य. सातव्याला शेजारच्या सोसायटीचा वॉचमन आला की आमच्या पावसाळी चेंबरमध्ये काहीतरी पांढरट साचलंय. जाऊन बघतो तर चेंबर घोट्यापर्यंत जेलीने भरलेला, आणि पुढची लाइन चोक. ती साफ करायला आम्हाला तीन दिवस लागले, खर्च अर्थातच मी दिला. चूक माझी होती. एवढ्या पोकळ भरावात आधी स्वस्त सिमेंट-बेंटोनाइटची (बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकणमाती) स्लरी देऊन मोठ्या पोकळ्या भरायला हव्या होत्या, ती बसल्यावर उरलेल्या बारीक जागेसाठी जेल, आणि वाहत्या पाण्यात सेटिंग सेकंदात ठेवायला हवं होतं. तेव्हापासून मी भराव न तपासता जेल उघडत नाही.

पैशाचं गणितही यातूनच येतं. तुमची गळकी भिंत समजा २० मीटर लांब आणि ३ मीटर उंच, म्हणजे ६० चौरस मीटर. ४० सेंटिमीटरवर होल घेतले तर पावणेचारशेच्या आसपास होल. भराव नीट कुटलेला असेल, त्यात ३० टक्के पोकळी धरली आणि जेलचा थर १० सेंटिमीटरचा धरला तर १८०० लिटर. तोच भराव पोकळ निघाला, पोकळी ४० टक्के आणि जेल ३० सेंटिमीटर पसरलं, तर ७२०० लिटर. चौपट. म्हणून भिंतीच्या चौरस फुटावर ठोक रेट देणारा एकतर स्वतः बुडणार किंवा माल कमी टाकणार. होलचा रेट वेगळा, किलोवर जेलचा रेट वेगळा, आणि आधी सात-आठ होलचा ट्रायल पॅच, त्यात लागलेल्या मालावरून अंदाज, हीच पद्धत योग्य. रिकामे ड्रम सोसायटीने मोजून ताब्यात ठेवायचे.

विषारी आहे का, असंही कुणीतरी विचारलंय, आणि ही भीती उगाच नाही. स्वीडनमध्ये हालंडसोस टेकडीखालच्या रेल्वे बोगद्यात १९९७ साली गळती थांबवायला ॲक्रिलामाइड हे विषारी रसायन असलेला ग्राउट वापरला. पाण्याचा लोंढा मोठा, माल नीट बसायच्या आतच वाहून ओढ्यात गेला, मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाईंचे पाय गेले, कामगारांना नसांचा त्रास झाला आणि काम बंद पडलं. बोगदा शेवटी २०१५ मध्ये सुरू झाला. आजचे चांगले ॲक्रिलेट जेल वेगळे आहेत, त्यात ॲक्रिलामाइड नसतं, पण न बसलेला माल कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतोच, आणि तो वाहून जाऊ द्यायचा नाही हा धडा तसाच लागू आहे. त्यामुळे ॲक्रिलामाइड नाही असं लेखी घ्या, सेफ्टी डेटाशीट मागा, सळयांना गंज लागत नाही याचा टेस्ट रिपोर्ट मागा. आणि जवळ वापरातली विहीर किंवा बोअर असेल तर काम चालू असताना आणि नंतर काही दिवस ते पाणी प्यायला वापरू नका, तपासून मगच सुरू करा. कामगारांना ग्लोव्हज आणि गॉगल नसेल तर काम थांबवायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

आपल्या हवेसाठी खास एक गोष्ट. ॲक्रिलेट जेलमध्ये पाणी असतं, कोरडं पडलं की ते आकसतं आणि ओल मिळाली की परत फुगतं. खाली दोन-तीन मीटरवर माती उन्हाळ्यातही दमट राहते, तिथे चिंता नाही. पण जमिनीलगतचा वरचा मीटरभर भाग आपल्याकडे सात-आठ महिने खडखडीत वाळतो, तिथे जेल घालणं मी टाळतो. त्या पट्ट्याला वरून उपाय करा, भिंतीलगतचे पेव्हर काढून घट्ट मुरूम कुटून वर काँक्रीटचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि पोडियमच्या पाइपांची तोंडं भरावात न सोडता थेट पावसाळी लाइनला. कितीतरी ठिकाणी नुसतं एवढं केल्यावर गळती निम्म्यावर येते आणि जेल लागतं तेही कमी.

आणखी एक, जे कॉन्ट्रॅक्टर सांगत नाहीत. आज भिंत गळतेय म्हणजे मागचा दाब थोडा सुटतोय. उद्या पूर्ण बंद केलीत तर पाणी मागे अजून वर चढेल, आणि राफ्टखालीही. भिंत आणि राफ्ट पूर्ण पाण्याच्या दाबाला डिझाइन केलेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून ड्रॉइंग बघून लिहून घ्या. नसतील तर गळती सगळी बंद न करता राफ्टच्या कडेने गटर आणि संप (पाणी गोळा होणारा खड्डा) ठेवून पाण्याला ठरलेली वाट द्यायची, आणि संपला दोन पंप, एक चालू एक राखीव, जनरेटरवर जोडलेले.

आता सगळ्यात तातडीचं. ताबा मिळून चार वर्षं झालीत म्हणजे तुम्ही अजून रेराच्या पाच वर्षांत आहात. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसात स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. फोटो, वही, टीडीएसचे आकडे जोडून आजच लेखी नोटीस द्या, पोच घ्या. त्याआधी भिंतीला एकही होल मारू नका, नाहीतर भिंत तुम्हीच बिघडवली असं ऐकावं लागेल.

काम कोणीही करो, वेळ ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. तेव्हा पाऊस गेलेला असतो, भरावात पाणी अजून असतं, त्यामुळे कुठून येतंय ते डोळ्यांना दिसतं आणि लोंढाही नसतो. मेमध्ये कोरड्या भिंतीवर काम उरकून घेणारे बरेच आहेत, तेव्हा सगळंच यशस्वी दिसतं. बिलातले निदान २५ टक्के पुढचा अख्खा पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा आणि पॅकर काढल्यावर होल बंद करणं, दुसऱ्या फेरीत लागणारं जेल, वरचे पेव्हर पूर्ववत करणं हे सगळं ऑर्डरमध्ये लिहा. खडूच्या रेघांचे फोटो आणि पंधरा दिवसांची वही झाली की मला पाठवा, कोपऱ्यातल्या धारेचं पाणी गढूळ आहे का तेही लिहा, मग ट्रायल पॅच कुठे घ्यायचा ते मी सांगतो.